‘गाठ समदी निंघनी ना?’ : स्तन राखून केलेल्या ऑपरेशनमध्ये कडा कशा तपासतात

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आटोपून थिएटरचं दार उघडून बाहेर आलं की बाकावरून पहिला प्रश्न हाच येतो. माणूस साक्रीचा असो, पारोळ्याचा असो, की रावेरच्या केळीच्या मळ्यातून थेट आलेला असो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, काळजी तीच असते. माझं उत्तरही ठरलेलं असतं. डोळ्यांना दिसली आणि हाताला लागली तेवढी सगळी काढली, खरं काय ते तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कळेल, त्याला आठ-दहा दिवस लागतील. हे ऐकून घरच्यांचे चेहरे पडतात, आणि डॉक्टर काहीतरी लपवतोय असंही काहींना वाटतं.

ते आठ-दहा दिवस कशात जातात, तुकड्याचं पुढे काय होतं, आणि त्या प्रवासात घरच्यांनी कुठे लक्ष ठेवायचं हे एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी खानदेशात सर्जन म्हणून काम करतो. आपल्याकडे ऑपरेशन एका गावात होतं, तपासणी दुसऱ्या शहरात आणि शेक, म्हणजे रेडिएशन, तिसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे ही साखळी मोठ्या शहरापेक्षा आपल्याकडे जास्त ठिकाणी तुटू शकते. ती कुठे तुटते ते ठाऊक असलं तर घरचा माणूसही ती जोडून ठेवू शकतो.

कड म्हणजे काय

किडलेलं वांगं चिरताना आपण फक्त काळा भाग काढत नाही, भोवतीचा थोडा चांगला गरही सोबत काढतो. स्तनातली गाठ काढतानाही भोवतीचं चांगलं दिसणारं ऊतक बरोबर घेतात. काढलेल्या तुकड्याचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे कड, डॉक्टरांच्या भाषेत मार्जिन. कॅन्सरच्या पेशी या पृष्ठभागापर्यंत पोचल्या असतील, तर त्यांच्या पलीकडे, म्हणजे बाईच्या शरीरात, आणखी पेशी राहिल्या असण्याची शक्यता मोठी.

तुकड्याला सहा बाजू असतात: वरची, खालची, छातीच्या मध्याकडची, काखेकडची, कातडीकडची आणि मागे स्नायूकडची. पुढचं सगळं या सहा बाजूंवर चालतं, म्हणून त्या लक्षात ठेवा.

सगळा स्तनच काढला तर ही भानगडच नको, असं घरची मोठी माणसं हमखास म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७०च्या दशकात यावर मोठे अभ्यास सुरू केले आणि २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निकाल छापून आले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये स्तन राखून शेक घेतलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. राखलेल्या स्तनात गाठ पुन्हा येऊ नये, यासाठी मात्र कडा स्वच्छ हव्यात आणि शेक हवा.

ऑपरेशनच्या आधी

कडा स्वच्छ येणार की नाही, हे निम्मं थिएटरमध्ये जाण्याआधीच ठरतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

बाई गाठ दाखवायला येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ‘दुखस नही, मंग कसाले दवाखानामा जानं?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मोजदाद राहिलेली नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाहीच. मग कोणीतरी म्हणतं, छोटी आहे, काढून टाका. तपासणी न करताच गाठ काढली जाते, कधी दोन तुकड्यांत, आणि रिपोर्ट कॅन्सरचा येतो. आता गाठ कुठल्या बाजूला किती पसरली होती हे सांगायला काहीच उरलेलं नसतं. कडा कुठल्या, तेही कळत नाही. मग पुन्हा ऑपरेशन, आणि तेही अंदाजाने मोठं.

म्हणून आधी सुईने तुकडा घ्यायचा. याला ट्रूकट बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून जाड सुईने बारीक धागे काढतात, भरती व्हावं लागत नाही. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव आहे. या बायोप्सीमुळे रोग बळावत नाही. ती टाळल्यामुळे चुकीचं ऑपरेशन झालेल्या बायका मात्र मी पाहिल्या आहेत.

दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी करून घ्या. गाठ एकच आहे का, भोवती कॅल्शियमचे बारीक कण पसरलेत का, हे आधी कळलं तर किती काढायचं ते ठरतं. मॅमोग्राफीत हे कण दूधनलिकांच्या ओळीने दूरवर दिसत असतील, तर हाताला लागणारी गाठ दोन सेंटीमीटरची असली तरी रोग त्याहून बराच लांब असू शकतो.

गाठ मोठी म्हणून आधी केमो द्यायचं ठरलं असेल, तर पहिल्या डोसच्या आधी गाठीत खुणेची छोटी क्लिप बसवायला सांगा. केमोने गाठ कधीकधी पूर्ण विरघळते. आनंदच आहे, पण मग सर्जनने काढायचं काय आणि कुठून? क्लिप असली तर जागा सापडते.

थिएटरमध्ये

गाठ हाताला लागत नसेल, तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या मदतीने तिच्यात बारीक तार बसवतात. टेबलवरही सोनोग्राफी लावून गाठीची हद्द बघता येते. हाताच्या अंदाजापेक्षा ते केव्हाही चांगलं.

तुकडा एकसंध निघाला पाहिजे, आणि बाहेर येताक्षणी, तो हातातून खाली ठेवायच्या आत, त्याला खुणेचे टाके घातले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला आखूड टाका आणि काखेच्या बाजूला लांब टाका घालतात. दोन बाजू पक्क्या झाल्या आणि कातडीची बाजू कळली की उरलेल्या बाजू आपोआप ठरतात. मागच्या बाजूला दुहेरी टाका घातला तर आणखी बरं.

हे इतकं ठासून सांगण्यामागे माझी स्वतःची चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी टाके न घालताच तुकडा पाठवला. आठ दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा, म्हणजे लॅबमध्ये तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांचा, फोन आला, ‘एका कडेला ट्यूमर टेकलाय. ती कड कुठली?’ मला सांगता आलं नाही. एक बाजू थोडी खरवडून भागलं असतं तिथे पोकळीच्या सगळ्या भिंती पुन्हा काढाव्या लागल्या आणि स्तनाचा आकार गेला. त्या ताई माझ्याशी कधीही रागावून बोलल्या नाहीत. मला ते अजून टोचतं.

तुकडा निघाल्यावर टेबलवरच कडा पाहायच्या काही पद्धती आहेत.

पहिली हाताची आणि डोळ्यांची. शक्यतो पॅथॉलॉजिस्टसोबत तुकडा दाबून, फिरवून बघायचा. कडक भाग कुठल्या कडेजवळ येतोय ते कळतं. दुसरी, तुकडा सलाइनच्या भांड्यात ठेवून सोनोग्राफी. तिसरी, तुकड्याचाच एक्स-रे. कॅल्शियमच्या कणांसाठी ऑपरेशन असेल, तर हा एक्स-रे टाळू नये. कण तुकड्यात आलेत का आणि कडेपासून किती आत आहेत, हे त्यातच दिसतं.

चौथी म्हणजे फ्रोझन सेक्शन. तुकड्याचा भाग झटकन गोठवून, पातळ काप घेऊन वीस ते तीस मिनिटांत मायक्रोस्कोपखाली बघतात. बाई तोवर भुलीखालीच असते. नातेवाइकांना हा शब्द माहीत असतो आणि ‘फ्रोझन केलं ना, मग झालं’ असं ते धरून चालतात. पण स्तनात चरबी भरपूर, चरबी नीट गोठत नाही, काप फाटतात. शिवाय इतक्या वेळात सहा कडांचे मोजकेच भाग बघून होतात. फ्रोझनमध्ये कड खराब दिसली तर तिथेच आणखी काढता येतं, हा मोठा फायदा. चांगली दिसली तरी पक्क्या रिपोर्टची वाट बघावीच लागते.

छाप घ्यायची पद्धत त्याहून साधी. तुकड्याच्या प्रत्येक बाजूवर काचेची स्लाइड दाबायची. कॅन्सरच्या पेशी काचेला चिकटतात, चरबी फारशी चिकटत नाही. गोठवायचं यंत्र नसलं तरी चालतं, वाचणारा डोळा मात्र तयार हवा.

ही सोय नसलेल्या गावात काय करायचं? एक उपाय कुठल्याही यंत्राशिवाय होतो. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतींची पातळ चकती सगळीकडून आणखी काढायची आणि प्रत्येक चकती वेगळ्या बरणीत, बाजूचं नाव लिहून पाठवायची. अमेरिकेत येल विद्यापीठात २३५ बायकांवर हा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये छापून आला. जादा चकती काढल्यावर खराब कडांचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं आणि दुसऱ्या ऑपरेशनचंही साधारण निम्म्यावर. आपल्या भागासाठी मला हा उपाय सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

आतली जागा शिवण्याआधी पोकळीच्या भिंतींना टायटॅनियमच्या छोट्या क्लिपा लावतात. त्यांचं काम पुढे शेकाच्या वेळी पडतं. आकार नीट राहावा म्हणून आतलं ऊतक सरकवून बसवायचं असेल, तर क्लिपा सरकवण्याच्या आधीच लागल्या पाहिजेत. नंतर मूळ जागा सापडत नाही.

आणि एक विनंती. आपल्याकडे काढलेली गाठ ट्रेमध्ये नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. बघा, हरकत नाही. पण ‘जरा चिरून दाखवा’ असं म्हणू नका, आणि कोणी चिरायला लागलं तर थांबवा. लॅबमध्ये कडा ओळखण्यासाठी तुकड्याला बाहेरून शाई लावतात, त्याआधी तो चिरला की खरी कड कुठली आणि चिरलेली बाजू कुठली, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. दोन लॅबला पाठवायचं म्हणून तुकडा अर्धा करणं हाही तोच घोटाळा. दुसरं मत हवं असेल तर नंतर ब्लॉक (मेणात बसवलेले तुकड्याचे भाग) आणि स्लाइड पाठवता येतात.

बरणी

अनेकदा ही बरणी घरचा माणूसच एसटीने किंवा रेल्वेने घेऊन जातो. म्हणून ती ताब्यात घेताना पुढच्या गोष्टी स्वतः बघा.

बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा चेपतो, त्याचा आकार बदलतो, आणि कडेपासूनचं अंतर चुकीचं मोजलं जातं. आत १० टक्के फॉर्मलिन हवं, तुकड्याच्या साधारण दहापट. तुकडा त्यात बुडालेला दिसला पाहिजे. साध्या सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर असताना तर फार लवकर. बर्फातही ठेवू नका, गोठल्याने पेशी फुटतात.

तुकडा शरीराबाहेर आल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. हा नियम फक्त कडांसाठी नाही. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्यांवर पुढची औषधं ठरतात, आणि तुकडा नीट टिकवला नसेल तर त्या चुकू शकतात. शनिवारी ऑपरेशन, रविवारी लॅब बंद, सोमवारी सण, असं गणित आपल्याकडे बसतं. तारीख ठरवतानाच लॅबचे दिवस विचारा.

लेबल बरणीच्या अंगावर हवं, झाकणावर नको, कारण झाकणं अदलाबदल होतात. त्यावर नाव, वय, उजवा की डावा स्तन, तारीख आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली असावी. सोबतच्या कागदावर कुठला टाका कुठली बाजू हे स्पष्ट लिहिलेलं हवं. जादा चकत्यांच्या बरण्या मोजून घ्या. आणि बरणी वाटेत उघडू नका, फॉर्मलिनच्या वाफेने डोळे आणि घसा जळतो.

लॅबमध्ये

पॅथॉलॉजिस्ट आधी टाके बघून तुकडा समोर नीट मांडतो. मग बाहेरून शाई लावतो, सहा बाजूंना सहा रंग, किंवा दोन-तीन रंगांत भागवून. शाई पक्की बसली की तुकड्याचे काही मिलिमीटर जाडीचे काप करतो, आपण केळ्याचे करतो तसे. गाठ कुठल्या कापांत आहे आणि कडेच्या किती जवळ, ते आधी नुसत्या डोळ्यांनी बघतो. निवडक भाग मेणात बसवून त्याचे ब्लॉक करतो आणि ब्लॉकवरून मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ काप काढून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली ठेवतो. शाईची रेघ काचेवरही दिसते. ट्यूमरपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला मिलिमीटरचा आकडा.

लिंबाएवढा तुकडा पूर्णपणे मायक्रोस्कोपखाली बघायचा तर हजारो काचा लागतील. म्हणून निवड करावीच लागते. ‘कडा स्वच्छ’ याचा अर्थ शरीरात एकही पेशी उरली नाही असा होत नाही. उरल्याच असतील तर शेकाला आवरतील इतक्या थोड्या असाव्यात, असा होतो. माझ्या मते सगळ्या विषयात समजून घेण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये मार्जिन या शब्दाशेजारी काय लिहिलंय ते बघा.

पसरणारा, म्हणजे इन्व्हेसिव्ह कॅन्सर असेल आणि पुढे पूर्ण स्तनाला शेक द्यायचा असेल, तर नियम सरळ आहे: ट्यूमरवर शाई नको. अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी ३३ अभ्यासांतल्या २८ हजारांहून जास्त बायकांची माहिती तपासून २०१४ मध्ये हे ठरवलं. शाईवर ट्यूमर असेल तर स्तनात रोग परतण्याचा धोका निदान दुप्पट होतो. पण शाईला न टेकलेल्या ट्यूमरच्या बाबतीत कड आणखी रुंद केल्याने काही खास फायदा होत नाही. ब्रिटनमध्ये निदान १ मिलिमीटर अंतर मागतात. म्हणून अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर घाबरू नका, पण तुमच्या डॉक्टरांशी त्यावर बोला.

रोग दूधनलिकेच्या आतच असेल, ज्याला डीसीआयएस म्हणतात, तर २ मिलिमीटर अंतर हवं, असं २०१६ मध्ये ठरलं. हा रोग नलिकेतून मध्ये जागा सोडत पुढे जातो. पसरणारा कॅन्सर आणि डीसीआयएस दोन्ही एकत्र असतील, तर पहिलाच नियम लागतो.

‘कड जवळ आहे’ असं वाचून लगेच दुसऱ्या ऑपरेशनची धास्ती घेऊ नका. कुठली कड, ते बघा. मागची कड जवळ असेल आणि सर्जनने स्नायूवरच्या पडद्यापर्यंत सगळं काढलं असेल, तर तिथे काढायला स्तनाचं ऊतक उरलेलंच नसतं. पुढच्या बाजूला कातडीपर्यंत काढलं असेल तरी तेच. हे रिपोर्टमध्ये नसतं, सर्जनच्या ऑपरेशन नोटमध्ये असतं. म्हणून दोन्ही कागद एकत्र ठेवा.

कड खराब आली तर

जगभरात स्तन राखून ऑपरेशन झालेल्या साधारण पाचांपैकी एका बाईला दुसऱ्यांदा टेबलवर जावं लागतं. म्हणजे पहिल्या डॉक्टरने हलगर्जी केलीच असं नव्हे. मायक्रोस्कोपला दिसणारं टेबलवर बोटांना कळत नाही.

खराब कड एकच असेल आणि ती कुठली ते माहीत असेल, तर जुनाच छेद उघडून तेवढीच भिंत काढतात. ऑपरेशन लहान असतं. दुसऱ्या वेळच्या तुकड्यात अनेकदा कॅन्सर सापडतही नाही, तरी ते काढणं योग्यच होतं. तीन-चार कडा खराब असतील, किंवा दुसऱ्यांदाही शाईवर रोग दिसला, तर पूर्ण स्तन काढायचा विचार करावा लागतो. तो निर्णय बाईने स्वतः घ्यावा, घरच्यांनी तिला वेळ द्यावा. ऑपरेशन, केमो आणि शेक महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येतात. दुसरं ऑपरेशन ठरलं की कागदांबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लगेच विचारा.

शेक आणि ब्लॉक

कडा स्वच्छ आल्या की घरी गोडधोड होतं आणि पुढची तारीख लांबते. कापूस वेचणी येते, लग्नं येतात. फिशर यांच्या अभ्यासात कडा स्वच्छ असूनही शेक न घेतलेल्या १०० बायकांपैकी ३९ जणींच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग परतला, शेक घेतलेल्यांपैकी १४ जणींच्या. वय सत्तरीच्या पुढे, गाठ लहान आणि हार्मोनच्या गोळ्या लागू पडणाऱ्या असतील, तर कधीकधी शेक टाळता येतो, तो डॉक्टरांनी विचार करून ठरवायचा. बाकीच्यांना सुटका नाही. आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा शेक देऊन काम होतं. त्यानंतर गाठीच्या जागेला काही जादा डोस देतात, विशेषतः पन्नाशीच्या आतल्या बायकांना, आणि ती जागा त्या टायटॅनियमच्या क्लिपांवरून ओळखतात. नाशिक, मुंबई की सुरत, राहायचं कुणाकडे, सोबत कोण, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा.

शेकाच्या पहिल्या भेटीला ऑपरेशन नोट, पूर्ण रिपोर्ट, मॅमोग्राफीच्या फिल्म, आणि लॅबमधून मागून घेतलेले ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या. ब्लॉक मेणाचे असतात. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडतात. ओल्या माठाशेजारी नको, पण घरातल्या सावलीच्या कोरड्या कपाटात, डब्यात, नाव लिहून ठेवा.